आत्यानं सुरीवाली निवडली

आत्या स्टुलावरून पडली आणि तिथून सगळं सुरू झालं.

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढच्या काउंटरवर नाही, मागच्या खोलीत. पुढे मालक गिऱ्हाइकासमोर आरसा धरतात आणि "ही फ्रेम तुम्हाला काय खुलून दिसते!" म्हणतात, मागे आत्या काच घासते, कडा तासते, फुंकर मारून फ्रेममध्ये बसवते आणि पुटपुटते, "खुलून दिसते म्हणे. नाकावर थांबली तरी पुष्कळ." पन्नाशी मागे टाकलेली, अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच म्हणते, छत्री घरी राहून गेल्यासारखं. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात तिच्या दोन खोल्या आहेत.

तर त्या दिवशी वरच्या फळीवरचं फ्रेमचं खोकं काढायला ती फिरत्या स्टुलावर चढली. फिरतं स्टूल ते, फिरलं. घोट्याचं हाड मोडलं, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता उशीवर पाय ठेवून स्वस्थ बसायचं.

आत्याला स्वस्थ बसवणं म्हणजे भोवऱ्याला खुर्ची देणं. पहिल्या काही दिवसांतच तिनं इमारतीतल्या सगळ्यांचे चष्मे मागवून त्यांचे स्क्रू आवळून टाकले. मग रेडिओ उघडला. मग काहीच उरलं नाही, तेव्हा तिनं बाबांकडे मोर्चा वळवला. बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांनी दाढी नीट केली नाही, चपला नीट ठेवल्या नाहीत, दार लावताना आवाज केला. हे सुरू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी बाबा माझ्याकडे आले ते हात जोडूनच.

"तिला कशात तरी गुंतव. काहीही कर. माझ्या डोक्याची पार मंडई केलीय तिनं."

मी एका कुरिअर कंपनीत आहे. घरूनच काम. दिवसभर लोकांचे फोन घ्यायचे आणि त्यांची पार्सलं कुठे अडकलीत ते शक्य तितक्या गोड आवाजात सांगायचं. संध्याकाळी डोकं हलकं करायला मी मित्रमंडळींबरोबर इंटरनेटवर एक लढाईचा गेम खेळते. तर मी माझा कॉम्प्युटर, टेबल, खुर्ची, सगळं उचलून आत्याच्या खोलीत नेलं. तिला सोबत होईल आणि बाबांना सुटका मिळेल, एवढाच हेतू.

आमचा गेम समजायला अगदी सोपा. दोन बाजू, पाच-पाच जण. मैदानाच्या मधोमध एक दगडी चौथरा. जी बाजू तो चौथरा राखेल तिची स्क्रीनवरची पट्टी भरत जाते; जिची आधी पूर्ण भरली, ती जिंकली. आपलं पात्र आपण निवडायचं: कुणी लांबून बाण मारतं, कुणी ढाल घेऊन पुढे उभं राहतं, कुणी मागून जखमींना औषध देतं. मेलं तर थोडं थांबायचं आणि आपल्या टोकाकडून पुन्हा पळत यायचं. मी तिरंदाज.

आत्या पलंगावर पाय लांब करून माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं विचारलं, "ती कोण गं?"

समोरच्या बाजूची एक शिडशिडीत बाई दोन सुऱ्या घेऊन आमच्या घोळक्यात घुसली होती आणि क्षणात आडवी झाली होती.

"ती? ती कुणी घेत नाही. काहीतरी लांबलचक परदेशी नाव आहे तिचं. हातात दोन आखूड सुऱ्या. नाकाला नाक भिडल्याशिवाय वार लागत नाही. आणि जीव चिमणीएवढा."

"मग तिनं जवळ जायचं कसं? बाकीचे तर सगळे लांबूनच मारतायत."

"तेच तर. म्हणून कुणी घेत नाही."

इतक्यात ती बाई परत आली. या खेपेला भिंतीच्या कडेकडेनं, खांबाआडून, कुणाला चाहूल न लागू देता. एकदम उसळली, आमच्या औषधवाल्याला गार केलं, माझ्याकडे वळली, मी बाण ओढेपर्यंत दोन वार, आणि माझा स्क्रीन राखाडी. ती धुरात नाहीशीसुद्धा झाली.

पाठीमागे आत्यानं जोरात टाळी वाजवली. "अगं बाई! मेलीस की तू!"

"आत्या, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"सुरीवालीच्या," ती म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "मला शिकव."

मी तिला समजावून पाहिलं. म्हटलं, औषधवाली घे. मागे उभं राहायचं, कुणी मरायला टेकलं की औषधाची बाटली फेकायची, बस. सगळे नवे लोक तिथूनच सुरुवात करतात.

"मागच्या खोलीत मी उभा जन्म काढला," आत्या म्हणाली. "आता मला पुढे जायचंय."

मी माझा जुना लॅपटॉप तिला जोडून दिला. खेळताना घ्यायचं नाव विचारलं, तर तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "भिंगरी. भिंगं घासते ती भिंगरी."

"आणि पाय प्लास्टरमध्ये?"

"म्हणूनच."

सुरीवालीला तीन गोष्टी येतात, त्या आधी सांगून ठेवते. एक झेप: लांब उडी, पण एकदा मारली की परत मारायला बराच वेळ थांबावं लागतं. दुसरा धूर: चार पावलं टाकेपर्यंत दिसेनासं होणं. आणि तिसरी, जिला आम्ही परतफेड म्हणतो. समोरच्याचा वार अंगावर येत असताना नेमक्या क्षणाला सुऱ्यांची फुली करायची. मग तो वार त्याच्याच अंगावर उलटतो. जरा आधी केली, जरा उशीर झाला, तर आपण फुली करून पुतळ्यासारखे उभे आणि समोरचा आपली भाजी चिरतोय.

पहिले दिवस काय वर्णावेत! आत्यानं माऊस असा धरला होता जसा तो जिवंत आहे आणि सोडला तर कपाटाखाली पळेल. डावा हात चालायला, उजवा बघायला, हे दोन्ही हात एकमेकांशी भांडण झाल्यासारखे वागायचे. सुरीवाली भिंतीत तोंड खुपसून जागच्या जागी धावत राहायची आणि आत्या तिला ओरडायची, "अगं वळ ना, वळ, भिंत आहे ती!" मरण तर पाचवीलाच पुजलेलं. बाणानं मेली, हातोड्यानं मेली, कड्यावरून स्वतःच पडून मेली. प्रत्येक वेळी ती "हात्तिच्या!" म्हणायची आणि पुढे सरसावून बसायची. प्लास्टरचा पाय खुर्चीवर, लॅपटॉप पाटावर, चहा गार.

आमच्या कंपूतले बाकीचे तिघं तुम्हाला माहीत हवेत. औषध देणारा तो 'डॉक्टर'. खऱ्या आयुष्यात तो बुटांच्या दुकानात लोकांच्या पायात बूट चढवतो. ढाल घेऊन पुढे उभी राहते ती 'ढाल'. ती बालवाडीत शिकवते आणि शत्रूच्या अंगावर चाल करून जातानाही "चला, सगळ्यांनी एका रांगेत" अशा आवाजात बोलते. चौथा हातोडेवाला. त्याला आम्ही 'जावई' म्हणतो, कारण मनाला येईल तेव्हा येणार, मानानं बसणार, नावं ठेवणार आणि निघून जाणार. पाचव्या जागेवर कुणी ना कुणी भरतीचा माणूस असायचा. तिथे आता आत्या आली.

डॉक्टर बिचारा तिच्यामागे बाटल्या घेऊन पळून थकला. "आत्या, मी औषध फेकतो तोवर तरी जिवंत राहा हो!" जावई मात्र स्पष्टच बोलला. आत्याच्या कानाला हेडफोन नाही असं समजून तो म्हणाला, "आपण चौघं खेळतोय आणि पाचवी शोभेची बाहुली ठेवलीय."

हेडफोन होता. आत्यानं मला हळूच विचारलं, "हा कोण बोलला?"

"जावई."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. पण तिचं 'बरं' मी लहानपणापासून ओळखते. त्या 'बरं'मध्ये पुष्कळ माल असतो.

मग एका संध्याकाळी समोरच्या बाजूला मुंगूस आला.

मुंगूस हे त्याचं गेममधलं नाव. तोही सुरीवालीच खेळायचा, पण त्याची सुरीवाली म्हणजे पाऱ्याचा थेंब. त्यानं आत्याला मारलं. परत आली, परत मारलं. कधी खांबाआडून, कधी समोरून, एकदा तर तिनं सोडलेल्या धुरातूनच बाहेर येऊन. मला वाटलं आता ही लॅपटॉप मिटवणार. वळून पाहते तर आत्या खुर्चीच्या कडेला येऊन बसलेली, गाल लाल, आणि हसतेय.

"बघितलंस? कसं केलं त्यानं बघितलंस? चित्त्यासारखा! परत दाखव म्हणावं!"

सामना संपल्यावर तिनं एका बोटानं टकटक करत त्याला लिहिलं: "कसं?"

थोड्या वेळानं उत्तर आलं. "भाऊ, तू झेप आत जायला वापरतोस. मग बाहेर कशानं येणार?"

आत्यानं ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं. मग कपाळावर हात मारला. "खरंच की! मी उडी मारून विहिरीत जाते आणि मग दोर शोधते!"

त्या दिवसापासून मुंगूस तिचा गुरू झाला. गेममध्ये एक मोकळं मैदान असतं, तिथे दोघांनाच सराव करता येतो. तो कामावरून आला की तिला बोलवायचा. बोलणं नाही, नुसतं लिहिणं. तो तिला भाऊच म्हणत राहिला. आणि आत्या इतकं मोजकं लिहायची, "कळलं", "परत", "हं", "चुकलं", की क्रियापदाला स्त्रीलिंग-पुल्लिंग यायला जागाच नसायची. मी म्हटलं, सांग की त्याला. ती म्हणाली, "कशाला? बाई म्हटलं की हात राखून मारेल. मग मी शिकणार काय?"

आणि शिकली! आता ती उडी मारून आत जात नव्हती. चालत जायची. भिंतीला पाठ लावून, दगडाच्या आडोशानं, समोरचे लोक दुसरीकडे बघत असतील तेवढ्यात चार पावलं, मग थांब, मग चार पावलं. झेप जपून ठेवायची ती परतीसाठी. एकदा तिनं शत्रूच्या तिरंदाजाला अगदी मागच्या ओळीत जाऊन गाठलं, दोन वार केले, आणि सगळे तिच्यावर धावले तशी ती टुणकन त्यांच्या डोक्यावरून उडून डॉक्टरच्या पायाशी येऊन पडली. "औषध!" ती ओरडली. डॉक्टर इतका चकित झाला की त्यानं बाटली ढालीला मारली.

सगळं येऊ लागलं, पण परतफेड काही जमेना. प्रत्येक वेळी केसभर उशीर. मुंगूस लिहायचा, "हत्यार बघू नकोस, खांदा बघ. वार खांद्यातून निघतो." आत्या आपल्या दुहेरी चष्म्यातून डोळे ताणायची, हनुवटी वर करायची, खाली करायची, मान अवघडून जायची. "खांदाच धुकट दिसतो गं," ती म्हणायची. बाबा चहा घेऊन आले होते, ते सहज बोलून गेले, "ताई, वय झालं की हात जड होतातच." त्या संध्याकाळी आत्या खेळली नाही. दुसऱ्याही संध्याकाळी नाही. खिडकीत बसून समोरच्या सायकलवाल्याला चाकाचे आरे बसवताना बघत राहिली. बाबांना चपलांवरूनही बोलली नाही, तेव्हा बाबाच घाबरले.

मधे प्लास्टर निघालं आणि ती कामावर परत जाऊ लागली. मी अजून तिच्याच खोलीत बसून काम करत होते. एक दिवस भर दुपारी दार धाडकन उघडलं. मी फोनवर एका बाईंना त्यांचा मिक्सर कुठल्या गोदामात आहे ते सांगत होते. दारात आत्या, दुकानाचा एप्रन तसाच, हातात मोजपट्टी, धापा टाकत.

"फोन ठेव!"

"आत्या, गिऱ्हाईक आहे..."

"मिक्सर पळून जात नाही! हे टोक धर. माझ्या नाकाला लाव."

झालं होतं असं: दुकानात एक पियानो शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. तक्रार करत होत्या की या दुहेरी चष्म्यानं रस्ता दिसतो, पुस्तकही दिसतं, पण पियानोवर ठेवलेला स्वरांचा कागद काही दिसत नाही. वरच्या काचेला तो फार जवळ पडतो आणि खालच्या काचेला फार लांब. मालक आपले "सवय होईल, सवय होईल" म्हणत होते. मागच्या खोलीत आत्याच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. ती कधी नव्हे ती पडदा सारून पुढे आली आणि विचारलं, "किती लांब असतो कागद?" बाईंनी हात लांब केला. "असा, बोटांच्या टोकाशी."

बोटांच्या टोकाशी! आत्याचा लॅपटॉपही तिथेच असतो.

"जन्मभर लोकांना चष्मे बसवले," ती खोलीभर नाचत होती, मोडक्या घोट्यासकट, "आणि स्वतःच्या नाकावर काय आहे ते कळलं नाही! हात जड नाहीत माझे. मला दिसतच नव्हतं! सांग तुझ्या बापाला!"

तिनं नाकापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर घेतलं, दोनदा घेतलं, आणि तशीच दुकानात परत पळाली. संध्याकाळी आली ती नवा चष्मा लावून. त्या बरोबर मधल्या अंतराच्या काचा तिनं स्वतः घासल्या होत्या आणि बसवल्या होत्या एका पोपटी फ्रेममध्ये, जी कुणीच घेत नव्हतं म्हणून मालकांनी आनंदानं देऊन टाकली होती. त्या पोपटी गोलांमागे तिचे डोळे घुबडासारखे मोठे दिसत होते. बाबांनी एकदा त्या चष्म्याकडे पाहिलं आणि ते चहा करायला गेले.

मुंगूस मैदानात वाट बघत होता. आत्या बसली, मान सरळ. मुंगूस पुढे आला, त्याचा उजवा खांदा कणभर मागे गेला...

खण्ण!

परतफेडीचा आवाज घंटेसारखा असतो. मुंगूसची सुरीवाली स्वतःच्याच वारानं मागे कोलमडली. मग आत्या आणि मी, दोघी एकदम किंचाळलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काठीनं छत ठोकलं. स्क्रीनवर मुंगूसनं लिहिलं, "भाऊ!!!" आणि लगेच, "परत."

परत केली. खण्ण. परत. चुकली. परत. खण्ण! जेवायला बोलवायला आई आली आणि तीसुद्धा तिथेच दारात उभी राहून "आता मार, आता मार" करायला लागली.

त्याच सुमाराला आमच्या भागातल्या एका मोठ्या गेम हॉलमध्ये रविवारची स्पर्धा जाहीर झाली. पाच जणांचा संघ. जावई लगेच म्हणाला, "पाचव्या जागेला माझा एक मित्र आहे. आत्यांना आपण टाळ्या वाजवायला नेऊ."

ढाल तिच्या बालवाडीच्या आवाजात म्हणाली, "खेळातून कुणाला बाहेर काढायचं नसतं."

"मग त्यांनी मला एकदा हरवून दाखवावं," जावई म्हणाला.

"बरं," आत्या म्हणाली.

मोकळ्या मैदानात दोघं समोरासमोर. जावयाचा हातोडा म्हणजे घरावर घर पडल्यासारखा. एक बसला की सुरीवाली संपली. त्यानं हातोडा उचलला. आत्या समोर नुसती उभी. हातोडा खाली आला, सुऱ्यांची फुली झाली, खण्ण, आणि जावई स्वतःच्याच हातोड्याखाली सपाट.

हेडफोनमध्ये डॉक्टर गंभीरपणे म्हणाला, "जावईबापूंचा पाहुणचार झाला."

मित्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

रविवारी सकाळी हॉलवर पोचलो. कॉम्प्युटरच्या रांगाच रांगा, जमिनीवर चिकटपट्टीनं दाबलेल्या वायरी, गरगरणारे पंखे आणि सगळीकडे पोरंच पोरं. दारावरच्या मुलानं आत्याचा पोपटी चष्मा, खांद्यावरची पिशवी बघितली आणि अदबीनं म्हणाला, "पालकांची व्यवस्था मागच्या बाकांवर आहे, काकू."

"मी खेळणारी आहे," आत्या म्हणाली. "माझी खुर्ची दाखव, आणि तिच्यावर उशी असली तर बघ."

दुसऱ्याच फेरीत आमची गाठ मुंगूसच्या संघाशी पडली. एक उंच, लाजाळू माणूस आमच्या रांगेपाशी आला. बंदरावर क्रेन चालवतो म्हणाला. ग्रीसचे डाग पडलेले हात, इस्त्रीचा शर्ट. त्यानं आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, जावयापाशी थांबला आणि हात पुढे करून म्हणाला, "तूच ना भिंगरी? भाऊ, शेवटी भेटलासच..."

"मी नाही हो," जावई म्हणाला.

"मी," आत्या म्हणाली.

त्या माणसाचं तोंड उघडं ते उघडंच. "म्हणजे... मी आत्तापर्यंत तुम्हाला अरे-तुरे..."

"मारलंसुद्धा भरपूर. आजही हात राखू नका."

"नाही राखणार," तो म्हणाला, आणि मग एकदम मनापासून हसला. "ताई, सांभाळून."

पहिला डाव त्यांनी घेतला. मुंगूसनं मला इतक्या वेळा मारलं की मी मोजणं सोडलं. दुसरा आम्ही घेतला. जावयानं त्या दिवशी खरोखर जीव तोडून हातोडा चालवला, हे सांगायलाच हवं. तिसऱ्या डावाला आमच्या पाठीमागे गर्दी जमली. पोपटी चष्म्यातल्या काकू खेळतायत ही बातमी हॉलभर पसरली होती.

तिसऱ्या डावाचा शेवट मला आजही डोळे मिटले की दिसतो. चौथरा त्यांच्या ताब्यात, त्यांची पट्टी भरत आलेली, अगदी थोडी उरलेली. ढाल पडली. जावई पडला. डॉक्टर "आत्या, शेवटची बाटली!" म्हणून ती तिच्याकडे फेकता फेकता पडला. मी मरून आमच्या टोकावरून पळत निघालेली, अजून कितीतरी लांब. चौथऱ्यापाशी आत्या एकटी. समोर त्यांचे उरलेले दोघं, तिरंदाज आणि मुंगूस.

आत्या खांबाआड. बाण खांबावर आदळला. दुसरा आदळला. तिसऱ्या बाणाच्या आधी तिनं धूर सोडला आणि चालत, धावत नाही, चालत बाहेर आली. तिरंदाज धुरात बाण मारत राहिला. ती त्याच्या पाठीशी. दोन वार. गेला! मागची गर्दी ओरडली. आणि त्याच क्षणी मुंगूस झेप घेऊन तिच्यावर कोसळला. तिचा जीव केसाएवढा उरला.

"झेप संपली त्याची!" आत्या ओरडली. "आत यायला वापरली!"

आता दोघं हातभर अंतरावर. दोन सुरीवाल्या, एकसारख्या. मुंगूसनं वार करण्याचा आव आणला. आत्या हलली नाही. पुन्हा आव आणला. ती हलली नाही. त्याला हवं होतं की हिनं घाईनं फुली करावी आणि मग हिला चिरावं. मी पळता पळता स्क्रीनच्या कोपऱ्यातून बघत होते, पट्टी भरत होती, जावई माझा दंड घट्ट धरून "अगं आत्या, अगं आत्या" म्हणत होता. आत्याचा चेहरा काच घासताना होतो तसा झाला होता; ओठ मिटलेले, पापणी हलत नाही.

मुंगूसचा खांदा मागे गेला.

खण्ण!

हॉलमध्ये जो गलका झाला त्यात मला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही. मुंगूस पडला. आत्या चौथऱ्यावर चढली आणि एकटीच मधोमध उभी राहिली. त्यांची पट्टी थांबली, आमची हलायला लागली. मी पोचले, ढाल पोचली, डॉक्टर पोचला, आणि मग आम्ही तो चौथरा असा धरून ठेवला की मुंग्यांनाही वाट मिळाली नसती. जिंकलो!

मुंगूस खुर्चीवरून उठून आला. आत्यानं त्याच्याकडे बघून बोट नाचवलं. "झेप आत जायला वापरलीत. का?"

"घाई झाली," तो म्हणाला. कान लाल झालेले, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "ताई, तो आव मी आजवर कुणालाही दाखवला की माणूस फसतोच. तुम्ही कशा थांबलात?"

"माझाही हात शिवशिवत होता हो," आत्या म्हणाली. "कसा आवरला ते माझं मला माहीत."

पुढच्या फेरीत कॉलेजच्या पोरांच्या एका संघानं आम्हाला उभं सोलून काढलं. आम्ही नीट श्वास घेण्याआधीच संपलो. डॉक्टर हिरमुसला, जावई "इंटरनेटच हळू होतं" म्हणायला लागला. आत्या मात्र त्या पोरांच्या खुर्च्यांमागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या पुढच्या सामन्यात कोण कुठून आत जातं ते बघत बसली. आम्ही तिला अक्षरशः दंडाला धरून बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर ती आमच्या पुढे चालत होती, घोटा जरा लंगडत, दोन्ही हातांनी हवेत वार करत, आणि पाठीमागून बाबा तिची पिशवी घेऊन येत होते. हो, बाबाही आले होते. मागच्या बाकावर, पालकांच्यात.

आता आत्या रोज खेळते. कामावरून आली, हात-तोंड धुतलं की चष्मा बदलते आणि बसते. मुंगूसबरोबर सराव चालू असतो. तो आता तिला ताई म्हणतो आणि ती त्याला पूर्ण वाक्यांत शिव्या घालते. पियानोच्या बाईंनाही तिनं तसलाच चष्मा करून दिला, आणि मालकांनी पुढच्या काचेवर पाटी लावली आहे की कॉम्प्युटरसाठी खास चष्मे मिळतील, आतल्या बाईंना विचारा. पडदा सारून दिवसातून कितीतरी वेळा आत्याला पुढे यावं लागतं. ती कुरकुरते, पण केस नीट करूनच येते.

गेल्या आठवड्यात मी फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होते तेव्हा तिचा दुकानातून फोन आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मला वाटलं परत स्टूल.

"काय झालं आत्या?"

"सत्यानाश झाला! गेमवाल्यांनी बदल केलेत. सुरीवालीचा धूर काढून टाकला! अख्खा धूर! मुंगूसनं आत्ता कळवलं. म्हणतो, आता ही कुणीच खेळणार नाही, सगळे सोडतायत."

"अरेरे," मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटलं. "मग आता तू दुसरं कुणी घेणार?"

पलीकडून काच घासायच्या यंत्राची घरघर थांबली.

"दुसरं? वेडी की काय तू? अगं, आता धुराशिवाय आत कसं जायचं ते शोधायला हवं! मी दुपारभर तोच विचार करतेय, तीन काचा उलट्या बसवल्या. ऐक, तू संध्याकाळी लवकर मोकळी हो. धनुष्य घेऊन मैदानात उभी राहा आणि मला येताना मारून दाखव. मला एक युक्ती सुचलीय."